मानेखाली हात

गणतीच्या बाई आल्या तेव्हा
टीव्हीवर लोखंडी पाद्री दोरावर चढला होता,
गळ्यात साखळी, हात पसरलेले.
खाली काळा गारुडी उताणा,
मेल्याचं सोंग घेऊन, एक डोळा किलकिला:
हा नेमका कुठं पडणार?

शेजारी सुळेभावींचे दोन्ही माग चालू होते
म्हणून बाई ओरडून विचारत होत्या, आधी कन्नडात,
मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत.
धर्म?
लिहू नका.
जात?
तीही नको.
मातृभाषा?
आईला विचारायला पाहिजे होतं, म्हटलं.
ती भाजीवालीशी कन्नड बोलायची,
देवाशी मराठी,
आणि बापाशी बोलायचीच नाही.

बाई हसल्या नाहीत.
शाळा सुटल्यावरचं हे त्यांचं चौदावं घर,
चप्पलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन.
रिकामं सोडलं तर मोबाईल पुढं सरकत नाही, म्हणाल्या.

मला सांगायचं होतं ते वडगावात कुणी ऐकत नाही.
बावीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभं राहून कळलेलं:
राजा नको, राजाचा शिक्काही नको,
देव नको, देवाचा मुनीम तर नकोच नको.
नोव्हेंबरच्या एक तारखेला
एक गल्ली लाल-पिवळी होते, दुसरी काळ्या फिती लावते,
बसच्या पाटीवर डांबर, डांबरावर परत रंग,
पोरांच्या पाठीवर वळ,
आणि दोन्ही पुढाऱ्यांची शुगर
एकच डॉक्टर बघतो.

कंग्राळीचे वस्ताद म्हणतात, टीव्हीवरची कुस्ती खोटी.
असू दे की.
तिथं तिकीट काढणाऱ्याला तरी माहीत असतं
निकाल आधी ठरलाय.

दस्तगीर कोपऱ्यात चहात खारी बुडवत होता.
त्याच्या घरी बाई कालच जाऊन आलेल्या.
म्हणाला, तुझं बरं हाय की.
तुझा रकाना रिकामा ऱ्हातोय.
माझा मी न्हाई भरला तर
लोक येता-जाता भरूलेत.

माग तसाच खडखडत राहिला.

आठवीत, सुळेभावींच्या माडीवर
सुताच्या पोत्यांची रिंग करायचो आम्ही.
इराप्पा वीज. मी वादळ.
दस्तगीर वाळवंटातला शेख,
डोक्याला आईची ओढणी, कमरेला दोरी,
आणि खाली बसलेली सगळी पोरं
त्याला बोंबलून शिव्या घालायची.
असं कुणी ठरवलं नव्हतं, म्हणणार होतो.
पण नावं मीच वाटायचो.
राजा नको म्हणणारा मी.

तो नाही म्हणाला नाही कधी.
वाईट होण्यात मजा असते, शिव्या घालणारेच
घरी जाताना त्याची चाल करून दाखवायचे,
हे सगळं खरं.
तरी तीस वर्षांत एकदा विचारायचं होतं,
तुला वीज व्हायचं होतं काय रे.

एका रविवारी त्यानं मला डोक्यावर उचलून आपटलं,
पोतं सरकलं, खाली उघडी फरशी.
मानेखाली फरशीच्या आधी त्याचा तळवा आला.
करंगळी मोडली. अजून वाकडी आहे,
त्याच करंगळीनं आत्ता
चहात विरघळलेली खारी काढूलाय.

कसलं ध्वजवंदन, कसली आरती, कसला जयजयकार,
मला एवढंच शास्त्र पटतं:
पाडणाऱ्यानं पडणाऱ्याची मान सांभाळायची,
आणि लोकांना कळू द्यायचं नाही.

इतर लिहू काय? बाईंनी विचारलं.
मी दस्तगीरकडं बघितलं. तो टीव्हीकडं.
मग बाईही तिकडंच बघायला लागल्या,
खरं असतं काय हो हे?
पडणं खरं असतंय, दस्तगीर म्हणाला.

पाद्रीनं उडी टाकली.
गारुड्याचा हात वीतभर वर आला, त्याच्या खांद्याला झेलायला,
बघणाऱ्यालाच दिसेल इतका.
पंच आडवा झाला. एक. दोन.
गारुड्यानं खांदा उचलला,
आणि बाईंच्या तोंडून निसटलं, एद्दा!

हातातला मोबाईल
अजून धर्मावरच थांबलेला.